नाल्याकाठचे तीन मोह

कोसमटोला कॅम्प
५ मार्च, गुरुवार

सोमारी,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, ठीक आहे. पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. मोहर्ली गेटवरच्या गाइडांच्या खोलीच्या पत्त्यावर टाकते आहे. तुझ्या आधी कुणी फोडून वाचलंच, तर वाचून झाल्यावर त्याने ते निदान तुला द्यावं, एवढी विनंती.

मी परत आले आहे. एमएस्सीचं शेवटचं वर्ष, दुसरा आणि शेवटचा सीझन. तुझ्याच गावात, शाळेमागच्या त्याच दोन खोल्यांत राहते. पंखा अजून तसाच फिरतो, म्हणजे फिरत नाही. आई ऊर्जानगरहून रोज विचारते, जेवलीस का, आणि रेंज फक्त टेकडीवर असल्यामुळे मी दोन दिवसांची उत्तरं एकदम देते.

तुझ्या जागी यंदा प्रवीण आला आहे. वरोऱ्याचा. शेतात फवारणीचं ड्रोन चालवायचा, त्यामुळे हात चांगला आहे. झाडांचं मात्र विचारू नकोस. पहिल्याच दिवशी बेहड्याला मोह म्हणाला. तू असतीस तर त्याला तीन दिवस जेवू दिलं नसतंस.

आपला भनभन्या ड्रोन ठणठणीत आहे. परवा दोन कोतवालांनी त्याला हवेत गाठून असं हाणलं, की प्रवीण खालून पाखरांना शिव्या देत पळत होता आणि म्हातारी बायनाबाई अंगणात पोट धरून हसत होती. त्यांचं घरटं जवळ असणार. उद्यापासून तो तुकडा सोडून उडवू. उडवण्याआधी चौकीत कळवणं, बॅटऱ्या शाळेत चार्जिंगला लावणं, सकाळी वारा सुटायच्या आत चार फेऱ्या मारणं, सगळं तसंच चालू आहे. मोहाची पानं गळली आहेत, वरून एकेक झाड वेगळं ओळखू येतं. फोटोतली झाडं मी मोजते. मग प्रत्येक झाडापाशी चालत जाऊन घेर मोजायचा आणि ते कोणाचं ते लिहायचं. हे चालणं गेल्या वर्षी तुझ्यामुळे झालं. चारशे बारा झाडं, आणि एकाचंही नाव सांगताना तू अडखळली नाहीस.

जूनमध्ये नकाशा ग्रामसभेच्या भिंतीवर लागला आणि तू बोलणं सोडलंस. सगळे मला विचारतात, काय झालं तुमचं. मी सांगते, मला माहीत नाही.

तुझी आई बरी आहे. मला पाहून हसली, पण थांबली नाही.

दिव्यानी

१२ मार्च, गुरुवार

सोमारी,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं असं धरते.

आज सकाळी नाल्याकाठच्या तुकड्यात गेलो होतो. कळ्या टपोऱ्या झाल्या आहेत, आठवडाभरात फुलं पडायला लागतील. जिकडे तिकडे बाया झाडाखालचा पाला झाडत होत्या. तुमच्याकडे हीच रीत ना, जो झाडाखाली झाडू मारतो त्याचं ते झाड, मग दुसरा कुणी तिथलं फूल उचलत नाही. नाल्याकाठच्या त्या तीन मोठ्या मोहांखाली मी रंभामावशीला, तुझ्या आईला, शोधत होते. तिथे तुझा मामेभाऊ बिरजू झाडत होता.

मला वाटलं आत्याला मदत करतो आहे. मी म्हटलं, "मावशी कुठे आहे?"

"घरी हाय."

"मग इथे?"

"इथी काय? हे माये झाडं हायेत," तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला, भांडायच्या सुरात नाही. "नकाशावर नाव हाय ना माया. तुमीच तं लिवलं, बाई."

प्रवीणने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

दुपारी मावशीकडे गेले. ती बिरजूच्या घरातल्या मागच्या खोलीत असते, हे तुला काय सांगायचं. पत्रावळी लावत होती. मी विचारलं, तर म्हणाली, "जाऊ दे व. भाच्याच्या चुलीवरचा भात खातो मी. झाडासाठी त्याच्यासंग भांडू का?" आणि मला पिठलं वाढलं. मी खाल्लं. खायला नको होतं, पण तिच्या हातचं पिठलं समोर आल्यावर माझं डोकं चालत नाही.

निघताना ती म्हणाली, सोमारी मोहर्लीत खूश आहे, साहेब लोकांना वाघ दाखवते. वाघ नाही दिसला तर ते सोमारीकडेच रागानं बघतात म्हणे. हे सांगताना ती हसली. मग मला म्हणाली, "तिच्यासंग तुयं बोलनं नाई का?" मी म्हटलं, आहे, पत्र लिहिते. खोटं नाही ते.

दिव्यानी

१४ मार्च, शनिवार

सोमारी,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. मला माहीत नाही असं म्हणाले. मला माहीत आहे. नकाशा लागला त्या दिवसापासून माहीत आहे.

गेल्या वर्षीची माझी वही समोर उघडी आहे. पान सदतीस. तू नाल्याकाठी उभी राहून सांगत होतीस आणि मी लिहीत होते, "३०१, ३०२, ३०३, रंभा. आजानं लग्नात दिलेली." तू हेही सांगितलं होतंस, की तुझे वडील गेल्यावर मावशी तुला कडेवर घेऊन माहेरी परत आली, तेव्हा तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं, ही तीन झाडं होती. तुझी शाळेची पुस्तकं त्या मोहाच्या फुलांच्या पैशातून आली, असं म्हणून तू बुंध्यावर थाप मारली होतीस.

कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात मात्र रकाना होता "कुटुंबप्रमुखाचे नाव". घरं मोजलेली होती, प्रत्येक घराला एक नंबर आणि एक नाव. रंभामावशी ज्या घरात राहते त्या घराचं नाव बिरजू. मी घराचा नंबर टाकला आणि नाव आपोआप आलं. मला ते दिसलं. मी थांबलेसुद्धा. मग मनात म्हटलं, घर तर एकच आहे ना.

त्या दुपारी तू खोलीच्या दारात उभी राहून विचारलंस, "मायचं नाव बराबर आलं ना?" मी मान वर न करता म्हणाले, "हो." पाचची बस पकडायची होती, बॅग भरायची होती. तू पुन्हा विचारलं नाहीस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि मला बस चुकवायची नव्हती, एवढंच झालं त्यात. मोठं काही कारण असतं तर सांगायला तरी बरं वाटलं असतं.

मला माफ कर. हे मी जूनमध्येच म्हणायला हवं होतं. मी नऊ महिने लाज लपवत बसले आणि तिकडे तुझ्या आईच्या झाडाखाली दुसऱ्याने झाडू मारला.

आज टेकडीवर जाऊन कॉलेजच्या सरांना फोन केला. वही परत चाळली होती, म्हणून सांगितलं की एकटी मावशी नाही. बायकांची झाडं पुरुषांच्या नावावर गेली आहेत, एकूण एकोणीस. कुणाची माहेरची, कुणा विधवेची, कुणाला सासूने दिलेली. मला वाटलं आता ओरडतील, कारण हाच तक्ता त्यांनी दोन ठिकाणी दाखवला आहे.

ते म्हणाले, "एकोणीस हे वहीवरून की झाडांवरून?"

"वहीवरून."

"मग चालून ये आधी. आणि या वेळी पुरुषांना विचारू नकोस."

बावीस तारखेला ग्रामसभा आहे. त्या दिवशी ही यादी कायमची रजिस्टरवर चढणार, शिक्का बसणार. त्यानंतर कुणी काही बदलत नाही. आठ दिवस आहेत.

दिव्यानी

२० मार्च, शुक्रवार

सत्तावीस. एकोणीस नाही, सत्तावीस.

पाय सुजले आहेत. प्रवीणला आता मोह ओळखता येतो, घेराची टेप गळ्यात घालून फिरतो. तो एकदम चांगला आहे, हे तुला आवडणार नाही, पण आहे.

बायनाबाईने आज त्याला विचारलं, "त्या भनभन्यातून दिसते का, कोनाचं झाड हाय ते?"

"नाई, आजी."

"मंग काऊन उडवून राह्यले बाप्पा इतके दिवसाचे? मले विचारलं असतं."

मी तिथेच बसून तिला विचारलं. अकरा झाडं एकट्या तिने सांगितली, कोणी कोणाला कधी दिली त्यासकट. पहिलं फूल आज पडलं.

दि.

२३ मार्च, सोमवार

सोमारी,

काल ग्रामसभा झाली. सगळं सांगते, मधे उठू नकोस.

आंब्याखाली सतरंज्या टाकल्या होत्या. वारलूभाऊ अध्यक्ष म्हणून खुर्चीवर, रजिस्टर मांडीवर. भिंतीवरचा नकाशा काढून समोर टांगलेला. मी उभी राहिले आणि म्हणाले की नकाशात चूक आहे आणि ती माझी आहे. झाडं बरोबर मोजली आहेत, माणसं चुकीची लिहिली आहेत. माझा आवाज चांगला निघाला नाही. सेमिनारमध्ये निघतो तसा तर अजिबात नाही.

बिरजू उठला. "गेल्या साली बाई आली, म्हने हे बराबर. यंदा म्हनते चूक. पुढल्या साली आनखीन कोनी येईन, म्हनेन हेही चूक. मंग आमी कोनाचं ऐकाचं?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मी म्हटलं, "माझं ऐकू नका. ज्यांची झाडं आहेत त्यांना विचारा."

मग एकेक झाड घेतलं. दोन तास लागले. प्रवीण नंबर वाचायचा, घरातली बाई उठून सांगायची. काही नवरे कुरकुरले, एकाला त्याच्या बायकोने सर्वांसमोर खाली बसवलं. बायनाबाई जागेवर बसूनच अधूनमधून "होय, खरं हाय" म्हणत होती आणि वारलूभाऊ तिचं ऐकूनच पेन टेकवत होते. चोवीस झाडांची नावं बदलली. मी रडायच्या बेतात होते, पण अजून तीन बाकी होती.

"तीनशे एक, दोन, तीन," प्रवीण म्हणाला.

रंभामावशी उठली नाही. मी तिच्या मागे बसले होते. वारलूभाऊंनी दोनदा हाक मारली. "रंभाबाई, तुमचं हाय का नाई, सांगा. ज्याचं झाड त्यानं सांगाव लागते."

बिरजू तिच्याकडे बघत होता. रागानं नाही गं, नुसतं बघत होता. त्याची लेक मावशीच्याच मांडीवर झोपली होती.

मावशी म्हणाली, "मले नाई पाह्यजे."

मला वाटलं संपलं. वारलूभाऊंनी पेन उचललं. तेवढ्यात ती पुन्हा म्हणाली, हळू, मांडीवरच्या पोरीकडे बघत, "मायं नोका लिवू. सोमारीचं लिवा. मी तिले देल्लं. बापानं मले देल्लं, मी पोरीले देल्लं."

स्वतःसाठी तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. तुझ्यासाठी निघाला.

बिरजू म्हणाला, "सोमारी इथी राहत नाई." दुसरेही दोघे-तिघे तेच म्हणाले. वारलूभाऊंनी थोडा विचार केला आणि सांगितलं ते मी शब्दाला शब्द लिहिते, कारण तुला लागेल. "गावात नाई राहत म्हनून झाड जात नाई. पन सीझनात येऊन एक दिस तरी वेचाव लागते. फूल संपायच्या आधी सोमारी आली तं तिचं. नाई आली तं बिरजूचं. अन् मंग कोनी बोलाचं नाई." रजिस्टरमध्ये पेन्सिलने सोमारी लिहिलं आहे. पेनने लिहायचं ते तू आल्यावर.

फुलं पडायला लागली आहेत. बायनाबाई म्हणते, नाल्याकाठचे आधी पडतात आणि आधी संपतात, एप्रिलच्या पाच-सहापर्यंत. बिरजू आता तिथे जात नाही, मावशीही जात नाही. फुलं पडून राहतात, सकाळी चितळं येऊन खातात.

मंगळवारी तुमचं गेट बंद असतं, मला माहीत आहे. ३१ तारखेला मंगळवार आहे. सोमवारी संध्याकाळच्या सफारीनंतर निघालीस तर चंद्रपूरला मुक्काम करून पहाटेची गडचिरोली गाडी मिळते. माझ्यासाठी येऊ नकोस. मला बघायचं नसेल तर सांग, मी त्या दिवशी प्रवीणला घेऊन पलीकडच्या तुकड्यात जाईन आणि रात्रीपर्यंत परतणार नाही. पण ये. तुझ्या आईने तुझं नाव घेतलं आहे, आख्ख्या गावासमोर. तिला तोंडघशी पाडू नकोस.

हे पत्र मी स्पीड पोस्टने टाकते आहे आणि शिवाय फोटो काढून तुमच्या गेटवरच्या खुशबूला पाठवते आहे. तिचा नंबर मी कुठून मिळवला ते विचारू नकोस.

दिव्यानी

१ एप्रिल, बुधवार

सोमारी,

तारीख बघून घाबरू नकोस, थट्टा करत नाही.

काल तू सकाळी साडेदहाला बसमधून उतरलीस तेव्हा मी शाळेच्या भिंतीआड होते. लपले नव्हते, तिथेच उभी होते एवढंच. तू सरळ नाल्याकडे गेलीस. मावशी आणि तू दुपारपर्यंत वेचत होतात. मी पलीकडच्या काठाला दोन तास एकाच झाडाचा घेर मोजत राहिले. प्रवीण म्हणाला, "हे झाड तुमच्यानं जाड होऊन राह्यलं, ताई."

मग तुम्ही ग्रामसभेच्या घरी आलात, मीही मागोमाग आले. वारलूभाऊंनी रजिस्टर उघडलं, पेन्सिलीवर पेनने लिहायला घेतलं, आणि तू त्यांना थांबवलंस. मागे वळून माझ्यासमोर हात पुढे केलास. दिवसभरात तू माझ्याशी तीन शब्द बोललीस: "पेन दे तुया."

मी दिला. तू तुझं नाव खोडलंस आणि तिथे लिहिलंस, रंभा. नकाशावरही तेच, तिन्ही नंबरांपुढे. मावशी घाबरून म्हणाली, "काऊन खोडते व? मी सांगतलं ना तुयं लिवा म्हनून."

"तू जिती हायस ना अजून," तू म्हणालीस. "मेल्यावर दे मले."

वारलूभाऊ हसले. मला हसू येत नव्हतं, मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मावशीने नकाशाजवळ जाऊन विचारलं, यातलं माझं कोणतं, आणि तू तिचं बोट धरून एकेका अक्षरावर ठेवलंस. तीनची बस आली, तू गेलीस. पेन घेऊन गेलीस. राहू दे तुझ्याकडे. माझ्याशी बोलायला तुला किती दिवस लागतील ते मला माहीत नाही. लागू देत तेवढे. मी इथे एप्रिलअखेरपर्यंत आहे आणि त्यानंतर ऊर्जानगरला, पत्ता तुला पाठ आहे.

पण मी हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. आज सकाळी जे झालं ते तुला माहीत नाही.

साडेसहाला आम्ही भनभन्या उडवायला नाल्याकाठी गेलो. मावशी टोपली घेऊन निघाली होती. तिच्या झाडाखाली बिरजू आधीच येऊन बसला होता, वेचत होता. सवयीने आला की मुद्दाम, मला सांगता येणार नाही. काल तू असताना तो दिवसभर घराबाहेर पडला नव्हता. मी प्रवीणचा हात धरून त्याला थांबवलं. मला पुढे जाऊन बोलायचं होतं, सगळं तोंडावर आलं होतं. मी नाही गेले. आयुष्यात एकदा तरी गप्प बसले.

मावशी झाडापाशी थांबली. टोपली खाली ठेवली नाही. पदर खोचला, पुन्हा सोडला, पुन्हा खोचला. बिरजूने वर पाहिलं आणि म्हणाला, "काय झालं, आत्या?"

"बापू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका कापला की मला वाटलं आता वळून घरी जाईल. "बापू, हे माये झाडं हायेत. तू तिकडचं वेच."

मग ओंजळीतली फुलं त्याने तिच्या टोपलीत टाकली, उठला आणि त्याच्या झाडाकडे गेला. जाताना म्हणाला, "भात ठेवला हाय चुलीवर, लवकर ये." एवढंच. तिला वाटत होतं घर सुटेल, भात सुटेल, भाचा सुटेल. काही सुटलं नाही.

मावशी खाली बसली. बराच वेळ नुसती बसली होती, वेचत नव्हती. मग तिने मला हाक मारली. जवळ गेले तर डोळे पुसत होती आणि हसतही होती. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "सोमारीले लिव. आजच लिव. मी बोलली म्हनून लिव."

म्हणून लिहिते आहे. ती बोलली, सोमारी.

दिव्यानी